दुधाचें माप आणि दुधाचें वजन

लिटर म्हणजेच किलो, असा समज आपल्या शेतकरी बांधवांत रूढ आहे. पाण्यापुरता तो खरा; दुधास लागू नाहीं. वजनास आकारमानानें भागिलें असतां घनता निघते. एक लिटर पाणी सुमारें १ किलो भरतें, तेंच निर्भेळ दूध सुमारें १.०३ किलो. सबब १०० लिटर दूध कांट्यावर १०३ किलो होतें, आणि १०० किलो दूध मापानें ९७ लिटरच उतरतें. दूध लिटरनें मोजावयाचें आणि तोच आंकडा किलोचा धरून पैसा द्यावयाचा, असा जेथें व्यवहार असेल तेथें दर शंभर लिटरांमागें तीन किलोंचा पैसा उत्पादकाचा बुडतो. आम्हीं स्वतः हा हिशेब पुष्कळ उशिरां मांडून पाहिला, हें कबूल केलें पाहिजे.

पाणी घातल्यानें दुधाची घनता उतरते. लॅक्टोमीटर तेवढेंच दाखवितो. परंतु स्निग्धांश पाण्याहून हलका असल्यामुळें, साय काढिलेल्या दुधाची घनता उलट वाढते. त्यांत मग बेतानें पाणी मिसळलें कीं लॅक्टोमीटर पुन्हां पूर्वीच्याच खुणेवर तरंगतो! यास्तव घनतेबरोबर स्निग्धांशही तपासून घ्यावा. आणि न्याय दोहों बाजूंनीं पाहावयाचा तर, धारोष्ण दुधाचा फेंस बसल्यावांचून मापूं नये. तो लिटरांत मोजला जातो, कांट्यावर मात्र जवळजवळ कांहींच भरत नाहीं.