पंचाची पापणी लवू नये म्हणून

कॅचरचा जुना चेस्ट गार्ड, दुसऱ्या संघाकडून मागून घेतलेला मास्क आणि पायात कापडी बूट. सॉफ्टबॉलच्या सामन्यात होम प्लेटच्या मागे मी पहिल्यांदा उभा राहिलो तो असा. शालेय स्पर्धा होती, मुलींचा सामना. तिसऱ्या इनिंगमध्ये बॅटला ओझरता लागलेला चेंडू थेट माझ्या कॉलरबोनवर आला. कॅचरच्या गार्डमध्ये ती जागा बरीचशी उघडी असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हाड मोडलं नाही, दोन आठवडे हात वर जात नव्हता एवढंच. पण त्या दिवशी माझ्यापेक्षा मोठं नुकसान दुसऱ्याच कुणाचं तरी झालं. मार बसल्यापासून मी प्रत्येक पिचला डोळे मिटत होतो. शेवटच्या इनिंगमध्ये, दोन आउट असताना, एका मुलीला मी तिसरा स्ट्राइक दिला. तो चेंडू मी पाहिलाच नव्हता. ती काही बोलली नाही. बॅट हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी हातातला क्लिकर बघत राहिलो.

त्या नजरेनं मला पंचाच्या साहित्याचा अभ्यास करायला लावला. आमच्या नशिराबादहून जळगाव हाकेच्या अंतरावर, आणि जळगावात सॉफ्टबॉल मनापासून खेळला जातो. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत. शाळा-कॉलेजं ग्लोव्हज घेतात, बॅट घेतात, कॅचरचा एक सेट घेतात. खरेदीच्या यादीत पंच मात्र नसतो. तो मिळेल ते अंगावर चढवतो.

आधी चेंडूबद्दल. ‘सॉफ्ट’ या नावावर जाऊ नका. 1887 साली शिकागोत हा खेळ बंदिस्त जागेत सुरू झाला तेव्हा चेंडू खरोखर मऊ असेल, आजचा नाही. 12 इंच घेराच्या सॉफ्टबॉलचं वजन 178 ते 198 ग्रॅमच्या दरम्यान असतं. क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा. म्हणजे सॉफ्टबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. बेसबॉल सॉफ्टबॉलपेक्षा लहान आणि हलका, साधारण 142 ते 149 ग्रॅमचा, पण वेग जास्त. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर 43 फुटांवरून टाकते. ताशी 80 किलोमीटर वेग धरला तरी चेंडू प्लेटवर यायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात पंच सावरू शकतो. घात होतो तो फाउल टिपने. बॅटपासून पंचाच्या मास्कपर्यंत जेमतेम सव्वा मीटर. कड घेऊन उडालेला चेंडू हे अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. पापणी मिटून उघडायलाच याच्या दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे ‘मी चेंडू चुकवीन’ असं म्हणणाऱ्या पंचाला मी प्लेटमागे उभंच करत नाही. तिथे चुकवणं नसतं, अंगावर घेणं असतं. ते साहित्याच्या भरवशावर घ्यायचं.

मग कॅचरचं साहित्य का चालत नाही? कॅचरचा चेस्ट गार्ड मुद्दाम मऊ असतो. छातीवर आलेला चेंडू उसळून लांब गेला तर धावणारा पुढचा बेस गाठतो. म्हणून तो चेंडू जागच्या जागी मरावा, पायाशी पडावा, अशी त्याची रचना. शिवाय कॅचरला दुसऱ्या बेसपर्यंत फेक करायची असते, त्यामुळे खांदे मोकळे ठेवलेले. पंचाला चेंडू कुठे पडतो याच्याशी देणंघेणं नाही, फेकायचंही नाही. त्याच्या गार्डमध्ये वर कडक प्लॅस्टिकची कवचं आणि आत फोमचा थर असतो. कवच मार पसरवतं, फोम तो जिरवतो. कॉलरबोन, खांदे आणि दंडाचा वरचा भाग झाकलेला. त्यातून कॅचर उकिडवा बसलेला आणि पंच त्याच्या डोक्यावरून वाकून बघणारा. कॅचरच्या डोक्यावरून निसटलेला चेंडू नेमका पंचाच्या गळ्याच्या उंचीला येतो. मला लागलं ते दुर्दैवानं नाही, चुकीच्या गार्डमुळे.

इथे अमेरिकेतला एक इतिहास सांगायचा मोह आवरत नाही, कारण पंचाच्या साहित्यावर निकालही ठरतो, या माझ्या म्हणण्याचा तो सगळ्यात मोठा पुरावा आहे. तिथल्या बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगमध्ये पंचांची साहित्याची पद्धत अनेक दशकं वेगळी होती. अमेरिकन लीगचे पंच हवा भरलेला, उशीसारखा मोठा गार्ड हातात धरून छातीपुढे उभा करत. नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम या नामवंत पंचाच्या प्रभावामुळे शर्टाच्या आत घालायचा गार्ड रुळला. उशी धरणाऱ्याला खाली वाकता येत नसे. तो कॅचरच्या डोक्यावरून सरळ बघे. आतला गार्ड घालणारा कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत वाकून शिरे. परिणाम असा की अमेरिकन लीगमध्ये वरच्या चेंडूंना स्ट्राइक मिळतो आणि नॅशनलमध्ये खालच्या, हे खेळाडू गृहीतच धरून चालत. खेळ तोच, पण पंचाच्या छातीवर काय आहे त्यावर निकाल बदलत होता. 1977पासून अमेरिकन लीगनेही नव्याने येणाऱ्या पंचांना आतल्या गार्डची सक्ती केली.

आता मास्क. 1870च्या दशकात हार्वर्डच्या फ्रेड थेयरने तलवारबाजीच्या मास्कमध्ये फेरफार करून कॅचरसाठी मास्क बनवला आणि 1878 साली त्याचं पेटंट घेतलं. आजचा पारंपरिक मास्क त्याचाच वंशज: पुढे सळ्यांची जाळी, कपाळाला आणि हनुवटीला गाद्या, मागे पट्टे. दुसरा प्रकार हॉकीच्या गोलकीपरसारखा, डोकं, कान सगळं झाकणारा. 1996मध्ये टोरांटोच्या चार्ली ओब्रायन या कॅचरने तो बेसबॉलमध्ये आणला. दोन्हींपैकी कोणता, हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं उत्तर माणूस बघून बदलतं. फाउल आला की तोंड फिरवायची सवय असलेल्या नवख्याला मी हेल्मेटच देईन, कारण तोंड फिरवलं की कान आणि मान उघडी पडते आणि पारंपरिक मास्क तिथे काही करू शकत नाही. बॅटचा मागे येणारा फटका डोक्यात बसायची भीतीही हेल्मेटने कमी होते. पण ज्याचं तोंड सरळ राहतं त्याला आपल्याकडच्या उन्हात पारंपरिक मास्कच बरा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो. उन्हाळी शिबिरात दिवसाला चार सामने बंद हेल्मेटमध्ये उभं राहून बघा. तिसऱ्या सामन्यात घाम डोळ्यांत उतरतो आणि स्ट्राइक झोन पुसट होतो.

जाळीचा धातू हा दुसरा वाद. टायटॅनियम हलकं, गंजत नाही, मानेला आराम. पोलाद जड, पण त्या वजनामुळेच चेंडूचा धक्का डोक्यापर्यंत कमी पोचतो. महागडं ते चांगलं, हे इथे खरं नाही. मानेचं दुखणं नसलेल्या पंचाने पोकळ पोलादी सळ्यांचा मास्क घ्यावा आणि वाचलेले पैसे चेस्ट गार्डवर घालावेत. क्रिकेटचं हेल्मेट घालून उभे राहणारेही मी पाहिलेत. ते समोरून येणाऱ्या बाउन्सरसाठी बनलेलं असतं. खालून कड घेऊन वर येणाऱ्या चेंडूला गळा त्यात मोकळाच मिळतो.

मास्क घालून बघताना चार गोष्टी बघा. कपाळाची गादी भुवयांच्या वर टेकली पाहिजे, भुवयांवर नाही. हनुवटी गादीत बसली पाहिजे. नाक आणि जाळी यांच्यात दोन बोटं जागा हवी. आणि पट्टे फार आवळू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आवळलेला मास्क डोक्याचा भागच होऊन जातो आणि तिरक्या चेंडूचा सगळा झटका मानेवर येतो. किंचित सैल मास्क फिरतो, प्रसंगी उडून जातो, आणि जाताना झटका घेऊन जातो. गळ्याच्या ढालीला पर्याय नाही. 1976 साली डॉजर्स संघाच्या स्टीव्ह यीगरच्या मानेत मोडक्या बॅटचा तुकडा घुसला, त्यानंतर मास्कला खाली लटकणारी ढाल आली. मास्क आधीच लांब असेल तर वाकल्यावर त्याचं टोक चेस्ट गार्डवर आपटत नाही ना, तेही बघा. दुकानात सरळ उभं राहून मास्क निवडणं म्हणजे झोपून बूट निवडण्यासारखं. वाकूनच बघा.

पायांची गोष्ट आपल्याला जवळची आहे. 1907 साली न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नहन पायांना गार्ड बांधून मैदानात उतरला, आणि ते क्रिकेटच्या पॅडसारखे होते. पंचाचे लेग गार्ड कॅचरपेक्षा सडपातळ असतात, कारण ते पँटच्या आत जातात. माप गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पावलाच्या वळणापर्यंत घ्यायचं. खाली पावलावर येणारी जीभ बुटाला भिडली पाहिजे, मधे बोटभरही फट नको. बुटांसाठी मात्र परदेशी कंपनीची वाट बघायची गरज नाही. नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे, जळगावला एमआयडीसी आहे. कामगारांचे पोलादी टोकाचे सेफ्टी शूज इथल्या बाजारात सहज मिळतात. आयएस 15298 मानकाच्या सेफ्टी बुटाचं टोक 200 ज्यूलचा मार सोसतं, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभरावरून पडावं इतका. 100 किलोमीटर वेगाच्या सॉफ्टबॉलचा मार त्याच्या निम्म्याहून कमी. बोटं वाचली. पावलाचा वरचा उंचवटा मात्र हे टोक झाकत नाही, तिथे ती जीभच हवी. पुरुषांनी सेंटर गार्ड आणि बायकांनी त्यांच्यासाठी मिळणारा गार्ड, याबद्दल लाज बाळगू नये. बायकांसाठी वेगळ्या बेताचे चेस्ट गार्डही मिळतात. मुलींच्या सामन्यांना मुली पंच म्हणून उभ्या राहत असताना पुरुषी मापाचा गार्ड त्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

एक गोष्ट काळजीने सांगतो. सरावात प्लेटमागे आपण अकरावी-बारावीच्या मुलांना उभं करतो. पोरंच आहेत, हळू पिचिंग आहे, म्हणून मास्कवर भागवतो. कोवळ्या छातीवर, हृदयाच्या ठोक्याच्या एका नेमक्या क्षणी, काही सहस्रांश सेकंदांच्या फटीत चेंडू बसला तर हृदय बंद पडू शकतं. छातीत आधी कोणताही आजार नसताना. वैद्यकीय भाषेत याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात, आणि हे प्रामुख्याने लहान वयातच होतं, कारण त्यांच्या फासळ्या लवचिक असतात. अमेरिकेत यासाठी चेस्ट गार्डचं वेगळं मानक झालं आणि 2020पासून तिथल्या हायस्कूल बेसबॉलच्या कॅचरना ते पाळावं लागतं. गार्ड घातला म्हणजे धोका संपला असं नाही. पण मुलाला उघड्या छातीने उभं करणाऱ्या शिक्षकाला मी तरी माफ करणार नाही. सगळ्यात कमी वेगाच्या सामन्यात पंचाला सगळ्यात जास्त चेंडू लागतात, हाही माझा अनुभव. चौदा वर्षांची कॅचर चेंडू सोडते. पण मोठ्या स्तरावरही हे घडतं. एप्रिल 2008मध्ये लॉस एंजेलिसला कॅचरला दुसऱ्याच चेंडूची अपेक्षा होती, ब्रॅड पेनीचा ताशी 96 मैलांचा चेंडू त्याला चकवून कर्विन डॅन्ली या पंचाच्या जबड्यावर बसला आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मास्कवर जोरात बसला आणि चक्कर, मळमळ, अंधारी आली तर पंचानेही बाहेर यावं. खेळाडूला लागलं की आपण सामना थांबवतो.

क्रिकेटलाही हे उशिरा उमगलं. नोव्हेंबर 2014मध्ये इस्रायलमध्ये हिलेल ऑस्कर हे पंच चेंडू लागून गेले. आपल्याकडे 2015मध्ये विजय हजारे करंडकाच्या सामन्यात पश्चिम पाठक हेल्मेट घालून पंचगिरीला उभे राहिले, तेव्हा लोकांना त्याचं नवल वाटलं होतं.

आणि घेतलेलं साहित्य सांभाळा. पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर ठेवलेल्या गार्डचा फोम मरतो आणि इलॅस्टिकचा जीव जातो. घाम आलेल्या गाद्या सावलीत सुकवायच्या, उन्हात नाही. प्रत्येक सामन्यानंतर जाळीच्या जोडांवरून बोट फिरवायचं. वेल्डिंगला केसभर चीर दिसली किंवा सळई वाकलेली दिसली की तो मास्क ठोकून सरळ करायचा नाही, टाकून द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात जळगावला एक सामना बघायला गेलो. प्लेटमागे माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. मापाचा गार्ड, शर्टाच्या आत, दिसतही नव्हता. दुसऱ्या इनिंगला एक फाउल सरळ तिच्या मास्कवर बसला, खणकन आवाज झाला, मास्क अर्धा फिरला. कॅचर पोरगी मागे वळून म्हणाली, ‘‘ताई, लागलं का?’’ तिने मान हलवली, डाव्या हाताने मास्क काढला आणि उजव्या हाताचं बोट सावकाश एकेका जोडावरून फिरवलं. मग पिचरकडे पाठ करून ब्रशने प्लेट झाडली, मास्क चढवला, वाकली. पुढचा चेंडू गुडघ्याला घासून आत आला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते उघडे होते.