पंपाच्या मोटरीतील आरंभदोष

विद्युतपुरवठा मिळूनही पंपाची मोटर न फिरणे, नुसती गुणगुणणे किंवा अडखळत वेग घेणे, यास मोटरीतील आरंभदोष म्हणतात. घरगुती पाणीपंपांमध्ये तो वारंवार आढळतो. कारण किरकोळ असले तरी मोटर तशीच चालू ठेवल्यास तिची गुंडाळी जळू शकते.

पुण्यातील संदर्भ

पुणे शहराला मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून पाणी मिळते. अनेक भागांत महानगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते. ते जमिनीखालील टाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. त्यामुळे पंप बंद पडल्यास खालची टाकी भरलेली असूनही नळ कोरडे पडतात. पंपनिर्मितीशीही शहराचा जुना संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून वाढलेल्या किर्लोस्कर ब्रदर्स या पंपनिर्मात्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

कार्यतत्त्व

घरगुती पंपात सहसा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर चालणारी सिंगल फेज प्रवर्तन मोटर असते. तिच्या मुख्य गुंडाळीत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होत नाही. म्हणून ती एकटी रोटरला प्रारंभी गती देऊ शकत नाही. यासाठी साहाय्यक गुंडाळी व तिच्याशी जोडलेला कपॅसिटर असतो. कारागीर त्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात. कपॅसिटरमुळे दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाहांत कालांतर पडते आणि रोटर ठरावीक दिशेने फिरू लागतो. काही मोटरींत पुरेसा वेग आल्यावर केंद्रोत्सारी स्विच ही जोडणी तोडतो.

सुरू होताना मोटर पूर्णभाराच्या साधारण ५ ते ७ पट प्रवाह घेते. वेग वाढताच तो घटतो. रोटर अडकून राहिल्यास मात्र तो तसाच टिकतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ६ पट प्रवाहाला गुंडाळीत सुमारे ३६ पट उष्णता निर्माण होते.

प्रमुख कारणे

यांत्रिक अडथळा : लहान पंपांत इंपेलर व आवरण यांतील फट अत्यंत अरुंद असते. पंप बरेच दिवस बंद राहिल्यास गंज, क्षार किंवा वाळूमुळे तो जाम होतो. झिजलेले बेअरिंगही रोटरला अडवते.

कपॅसिटर : कालांतराने त्याची धारकता घटते किंवा तो पूर्णपणे निकामी होतो. मोटर गुणगुणते, पण फिरत नाही. साहाय्यक गुंडाळी तुटल्यास किंवा केंद्रोत्सारी स्विचचे संपर्कबिंदू खराब झाल्यासही हेच लक्षण दिसते.

कमी दाब : प्रारंभीचे परिबल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास ते सुमारे ६१ टक्केच उरते. लांब व बारीक तार किंवा सैल जोडणी यांमुळेही मोटरीपाशी व्होल्टेज घटते.

फेज तुटणे : मोठ्या संकुलांतील ४१५ व्होल्टच्या थ्री फेज मोटरीची एक फेज गेल्यास ती सुरू होत नाही व लवकर तापते.

तपासणीचा क्रम

प्रथम मुख्य स्विच बंद करून दांडा हाताने फिरवून पाहावा. तो अडकत असल्यास दोष यांत्रिक असतो. दांडा मोकळा फिरत असल्यास सुरू करतेवेळी मोटरीच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. ते योग्य असल्यास कपॅसिटरची धारकता मोजावी आणि त्यानंतर साहाय्यक गुंडाळी व स्विच तपासावा. नवा कपॅसिटर मूळ मायक्रोफॅरड मूल्याचाच असावा. त्याचे व्होल्टेज मानांकन मूळ कपॅसिटरपेक्षा कमी नसावे.

मोटर व्यवस्थित फिरूनही पाणी न चढणे हा वेगळा दोष आहे. त्याचे कारण बहुधा पंपात शिरलेली हवा किंवा गळका फूट व्हॉल्व्ह असते.

सुरक्षितता

मोटर गुणगुणू लागल्यास पुरवठा ताबडतोब तोडावा. पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. पुरवठा चालू असताना दांड्याला हात लावणे धोकादायक आहे, कारण मोटर कोणत्याही क्षणी फिरू शकते. पुरवठा तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो योग्य रोधातून उतरवल्याशिवाय त्याच्या टोकांना स्पर्श करू नये. पंपाची जागा ओलसर असल्याने सक्षम अर्थिंग आवश्यक असते. गुंडाळीची व थ्री फेज जोडणीची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेणे योग्य ठरते.