मेजावरील लुप्त प्राणी

पिठोरी अमावास्येस मातीचे बैल करावेत, चुना व गेरू यांनी रंगवून ते पाटावर मांडावेत आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून त्यांची पूजा करावी, ही पोळ्याची चाल आमच्या हिंगोली जिल्ह्यात जुनी आहे. ज्यांच्या दावणीस बैल नाही, त्यांच्या घरीही त्या दिवशी मातीची जोडी येते. गेल्या पोळ्यास आमच्या पाटावर मात्र जोडीच्या शेजारी एक तिसराच प्राणी उभा राहिला. मान उंच, शेपूट लांब, देह महाकाय. परंतु एकंदर लांबी वीतभरच. घरातील मंडळी चकित झाली, तेव्हा माझा अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, हाही आपल्याच महाराष्ट्रातला आहे. याला नुसता पाटावर राहू द्या."

हा प्राणी म्हणजे इसीसॉरस नावाचा डायनोसॉर होय. याची हाडे चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडली. सोहन लाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन केले, आणि २००३ साली त्यास आजचे नाव मिळाले. त्या नावाचा पूर्वार्ध कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेला आहे.

नातवाचा छंद असा, की लुप्त प्राण्यांच्या लहान प्रतिमा जमवावयाच्या, त्या रंगवावयाच्या आणि जेवणाच्या मेजावर त्यांची लढाई मांडावयाची. प्रत्येक प्राण्याने किती इंच चालावे हे ठरलेले असते. आघात लागला की चुकला याचा निर्णय फासा देतो. हे सारे पोरकट आहे असे प्रथम मलाही वाटले. परंतु या खेळाचे कूळ मोठे आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ पटावर मांडणारे चतुरंग आपलेच. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात त्याचा उल्लेख येतो. प्रशियातील रायस्विट्झ नामक अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सैनिकी शिक्षणासाठी नकाशावरील युद्धक्रीडेचे नियम छापले, आणि एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यांतील शिपायांच्या लढाईवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

प्रतिमा रंगविण्याची रीत मी अनेक संध्याकाळी पाहिली आहे. प्रथम ती साबणाच्या पाण्याने धुवावयाची, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो, साच्याच्या सांध्याची रेघ पात्याने खरवडावयाची, मग अस्तर. अस्तर वाळल्यावर मुख्य रंग, त्यावर पातळ काळपट रंगाचा हात, जो सुरकुत्यांत उतरून सावली देतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, जशी गणपतीच्या मूर्तीची असते. बाजारात हवा तसा इसीसॉरस त्यास मिळाला नाही. तेव्हा त्याने दुसऱ्याच एका लांबमान्या प्राण्याची मान कापून आखूड केली आणि एम-सील लावून पुढचे पाय लांबविले. कारण या प्राण्याची ठेवण तशीच होती. बहात्तरास एक हे प्रमाण धरले, म्हणजे अठरा मीटरांचा प्राणी पंचवीस सेंटिमीटरांत बसतो. जो मुलगा त्रैराशिकास कंटाळतो, तो हे गणित न सांगता करतो!

लढाईतही त्याची शिस्त कडक. टायरॅनोसॉरस व स्टेगोसॉरस यांस तो समोरासमोर उभे करीत नाही. स्टेगोसॉरस सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, तर टायरॅनोसॉरस सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लुप्त झालेला. म्हणजे या दोघांतील अंतर टायरॅनोसॉरस व आपण यांच्यातील अंतराहूनही अधिक. इसीसॉरसापुढे तो राजासॉरस उभा करतो. गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोली येथे त्याची हाडे मिळाली. त्याचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. दोघांचीही हाडे लॅमेटा नावाच्या एकाच खडकसमूहातील. तेव्हा ही झुंज निदान कल्पनेस तरी शोभते.

आता माझ्या प्रमादाकडे वळतो. प्रतिमेच्या बैठकीवर त्याने गवताचे झुपके चिकटविले होते. मी अधिकारवाणीने सांगितले, "बाळ, त्या काळी गवत उगवलेच नव्हते. काढून टाक ते." एका जुन्या पुस्तकात तसे वाचल्याचे मला स्मरत होते. नातवाने वाद न घालता गवत खरवडून काढले. त्याचा तो खाली गेलेला चेहरा पाहून मला चाळीस वर्षांपूर्वीचा वर्ग आठवला. रूपावली चालू असता एक मुलगा बाकाखाली काळ्या मातीचा हत्ती करीत होता. मी तो हत्ती त्याच्या हातून घेऊन सर्वांदेखत मोडला. त्या मुलाने त्यानंतर शाळा सुटेपर्यंतच्या वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी मी त्यास शिस्त समजलो होतो.

पुढे काही दिवसांनी पिसदुरा या गावाविषयी वाचनात आले. हेही चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. तेथे डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक सहानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून प्रसिद्ध केले, की तीत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण आहेत, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. तोपर्यंत विद्वानांचीही समजूत माझ्यासारखीच होती. कुरणे नव्हती, मुख्य आहार इतर वनस्पतींचा होता. पण गवत होते, आणि ते त्या महाकाय जिवांच्या पोटात गेले होते.

त्याच रात्री नातवास बोलावून मी म्हणालो, "तुझे खरे होते, माझे चुकले." तो क्षणभर पाहत राहिला, मग म्हणाला, "माझे खरे नव्हते, आजोबा. मी ते शोभेसाठी लावले होते." या उत्तराने मी जितका सुखावलो, तितका कोणत्याही परीक्षेच्या निकालाने कधी सुखावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोनच झुपके पुन्हा चिकटविले. रंगाविषयीही तो असाच सावध झाला आहे. चीनमधील सिनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते, हे पिसांतील रंगकणांवरून २०१० मध्ये कळले. इसीसॉरसाचा रंग मात्र अज्ञात. म्हणून त्याच्या वहीत 'रंग : माझी कल्पना' अशी नोंद आहे.

आपल्या हिंगोलीच्या काळ्या मातीखाली लाव्हारसाचा जाड थर आहे. तो रस वाहिला, त्याच सुमारास हे प्राणी नाहीसे झाले. चंद्रपुराकडे त्या थराची कड संपते, म्हणून तेथे खालचा खडक उघडा पडतो. पोळ्याचे बैल ज्या मातीचे, ती त्याच लाव्हारसाच्या थराची माती. तेव्हा पाटावरील तिसरा पाहुणा फारसा परका नव्हता.

घरातील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातातील प्राणी मोडण्यापूर्वी, अथवा त्याचे गवत खरवडावयास लावण्यापूर्वी, "हे तुला कशावरून कळले?" असा एक प्रश्न त्यास विचारावा, आणि तोच प्रश्न स्वतःसही विचारावा. माझ्या बाकाखालच्या हत्तीस उशीर झाला. नातवाच्या इसीसॉरसास मात्र झाला नाही.