दिव्याहून मालवण : दोघांचा प्रवास

डोंबिवलीकर नवराबायको एका घरात राहतात, पण एका डब्यात क्वचितच बसतात. सकाळी ती बायकांच्या डब्यात, तो पुरुषांच्या. सलग दहा-अकरा तास शेजारी बसण्याचा योग आम्हांला लग्नानंतर वीस वर्षांनी आला, तो दिवा-सावंतवाडी गाडीत.

जायचे होते मालवणला. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली, तत्पूर्वी एस. टी.त रात्रभर कंबर शेकायची आणि त्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी जिच्यासाठी धोशा लावला ती ही गाडी रोह्यापुढे डोंगर फोडीत जाते. एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा! गंमत अशी, की कोकणची ही गाडी समुद्र जवळजवळ दाखवीतच नाही. खाड्या दिसतात, भातखाचरे दिसतात. समुद्रासाठी कुडाळला उतरून पुन्हा एस. टी.च.

पनवेलपर्यंत आम्ही गॅस, दुधाचे बिल, धाकट्याची फी हेच बोललो. माणगावला विषय संपले. करबुडेच्या बोगद्यात ही एकदम म्हणाली, "अहो, मला नोकरी सोडायचीय."

तीन वर्षे मनात होते म्हणे; बोलायला निवांतपणाच सापडला नव्हता!

रत्नागिरीला चहा घेतला आणि वर्तमानपत्राच्या कडेवर घरखर्चाची बेरीज मांडायला बसलो. कुडाळ आले तरी ती जुळेना. दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर, समोर सिंधुदुर्ग असताना, मोटार घेण्याचा बेत आम्ही खोडला. मग जुळली.