माल भरपूर, रोकड नाही

दुकानात पाच लाखांचा माल, वहीत तीन लाखांची उधारी, आणि गल्ल्यात कारागिराची मजुरी द्यायलाही पैसे नाहीत. हिशेबाने हा व्यापारी नफ्यात आहे, पण शनिवारी मजुरी नफ्यातून नव्हे, रोकडीतून द्यावी लागते. सनदी हिशेबनीस ज्याला लिक्विडिटी म्हणतात तिचा अर्थ इतकाच की आपली चीज किती दिवसांत आणि किती तोटा न सोसता रोख होते.

2020 साली आपण हे पाहिले. ईदचा माल कापडवाले महिना-दोन महिने आधीच भरतात. त्या वर्षी 25 मार्चला टाळेबंदी लागली आणि 25 मे रोजी ईद झाली. माल चोख होता, पण गिऱ्हाईकच नव्हते. देणेकऱ्यांचे तगादे मात्र थांबले नाहीत.

आता उधारीलाही कायद्याची मुदत आहे. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. हा नियम 2006 च्या कायद्यातला. 2023-24 या आर्थिक वर्षापासून त्याला प्राप्तिकराचा जोर मिळाला. मुदत चुकली तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्चात धरली जाते. विणकराच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण मधला ठोक व्यापारी अडतो. व्यापाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, मात्र ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. त्याने विणकराला 45 दिवसांत द्यायचे आणि दुकानदाराकडून चार महिन्यांनी घ्यायचे! म्हणून विक्रीची मुदत खरेदीच्या मुदतीपेक्षा लांब ठेवू नये. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

आमच्या पडेगावकडे चार पैसे सुटले की माणूस प्लॉट घेतो. प्लॉट वाईट नाही, पण गुंठेवारीचा, नियमित न केलेला प्लॉट गहाण ठेवायला बँक सहसा तयार होत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली, तिचा फायदा घ्यावा. तरीही प्लॉट विकायला महिने लागतात आणि विकणाऱ्याची घाई गिऱ्हाईक बरोबर ओळखतो. सोने सराफ्यात त्याच दिवशी मोडते. दुकानाचे खेळते भांडवल जमिनीत घालू नये, घालायचीच तर वरची बचत घालावी.

जकातीचे गणितही इथेच येते. विक्रीच्या मालाच्या चालू किमतीवर आणि वसूल होण्याजोग्या उधारीवरही अडीच टक्के निघतात. विकण्याच्याच नियतीने घेतलेला प्लॉटही यात धरतात. बाकी तपशील आपल्या मुफ्तींना विचारावा. वहीतला आकडा मोठा आणि हात रिकामा, अशी अवस्था नको असेल तर वसुलीला शाबानमध्येच निघावे. रमजान लागला की दुकानदार स्वतःच माल भरण्यात गुंतलेला असतो आणि त्याच्याकडेही रोकड नसते.