विश्लेषण : पाळीव सापांना हिवाळी विश्रांती खरेच गरजेची असते का?

कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बॉल पायथन हे साप अमेरिका आणि युरोपात मोठ्या प्रमाणावर पाळले जातात. हिवाळा आला की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : सापाला थंडीत निष्क्रिय होऊ द्यायचे की पेटीतील ऊब कायम ठेवायची? निर्णय चुकला तर ते सापाच्या जिवावर बेतू शकते.

साप हिवाळ्यात काय करतात?

साप शरीराची ऊब बाहेरच्या उष्णतेतून मिळवतात. त्यामुळे तापमान उतरले की हृदयाचे ठोके, पचन, हालचाल सारे मंदावते. या अवस्थेला ‘ब्रुमेशन’ म्हणतात. ही सस्तन प्राण्यांची शीतनिद्रा नव्हे. साप मधूनच हलतो, पाणीही पितो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे हजारो गार्टर साप चुनखडीच्या भेगांत खोलवर हिवाळा काढतात.

सर्वच सापांना ती लागते का?

नाही. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील. तेथे कडाक्याचा हिवाळाच नसतो. त्यामुळे त्याला थंडीत ठेवणे अपायकारक ठरते. कॉर्न स्नेक आग्नेय अमेरिकेतील असून तेथील थंड भागांत तो हिवाळ्यात निष्क्रिय होतो. मात्र पेटीत वर्षभर योग्य ऊब मिळाली तर तोही या विश्रांतीविना निरोगी राहतो. ब्रुमेशन ही थंडी निभावून नेण्याची सोय आहे, रोजच्या झोपेसारखी गरज नाही.

मग प्रजननासाठी तिचा उपयोग काय?

थंड प्रदेशांतील अनेक जातींमध्ये हिवाळ्यानंतरची ऊब हा मीलनाचा इशारा असतो. मॅनिटोबातील नर गार्टर साप दीर्घ थंडी अनुभवल्याशिवाय मादीकडे फारसे आकर्षित होत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच पैदास करणारे सापांना मुद्दाम थंडीत ठेवतात. एकट्या पाळीव सापाला त्याची आवश्यकता नसते.

धोका कुठे असतो?

पोटात भक्ष्य असताना थंडी लागली तर पचन थांबून ते आतच कुजते. त्यामुळे किमान दोन आठवडे आधी खाणे बंद करून, त्या काळात ऊब कायम ठेवली जाते. नंतर तापमान हळूहळू १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवतात. पाणी मात्र कायम ठेवावे लागते. आजारी किंवा कृश सापांना हा प्रयोग झेपत नाही.

सर्वात वाईट अर्धवट थंडी. त्यात धड पचन होत नाही आणि शरीरही पुरेसे मंदावत नाही. प्रतिकारशक्ती घटून श्वसनमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. पुणे, नाशिकमध्ये हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी चांगलाच चढतो. असा चढउतार म्हणजे ब्रुमेशन नव्हे. सापाने खाणे सोडले, तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा वजन घटले, तर ‘हिवाळा आहे’ म्हणून न थांबता पशुवैद्य गाठायला हवा.

भारतात कायदा काय सांगतो?

नाग, धामण, अजगर अशा देशी सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण असून ते घरी पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. बॉल पायथन त्या यादीत आहे. त्यामुळे पेटीतील तापमानाआधी नोंदणीची कागदपत्रे तपासावी लागतात.