युद्धसान्निध्य व मित्र-शत्रुविचार

सीमेलगत उद्‌भवलेल्या युद्धामुळे एखाद्या राज्याच्या मित्र व शत्रू यांविषयीच्या धारणेत होणारे परिवर्तन. कौटिलीय अर्थशास्त्रातील मंडल सिद्धांतानुसार लगतचा राजा हा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा राजा हा मित्र होय. तथापि कौटिल्याने परिस्थितीमुळे घडणारे ‘कृत्रिम’ मित्र व शत्रूही मानले आहेत. युद्ध जवळ आले म्हणजे हा दुसरा प्रकार प्रबळ ठरतो. मित्राची पारख तहातील कलमांवरून न होता, संकटसमयी तो काय करतो यावरून होऊ लागते. १७९०–१८०३ या काळातील निजामाचे राज्य हे याचे बोलके उदाहरण होय. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) व जालना हा टापू या घडामोडींच्या अखेरच्या टप्प्यात प्रत्यक्ष रणक्षेत्र बनला.

युती व तिचा भंग : तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०–९२) पेशवे, निजाम व ईस्ट इंडिया कंपनी हे टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र आले. श्रीरंगपट्टणच्या तहाने (१७९२) टिपूचे सु. निम्मे राज्य या तिघांत वाटले गेले. समान शत्रूचे बळ घटताच मित्रांमधील जुने वाद वर आले. चौथाईच्या थकबाकीवरून पेशवे व निजाम यांत युद्ध होऊन ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे निजाम अलीचा (कार. १७६२–१८०३) पराभव झाला. त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क यास ओलीस म्हणून पुण्यास जावे लागले. या युद्धात गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थता स्वीकारली आणि हैदराबादेत असलेल्या कंपनीच्या पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत. परिणामी विजेत्या मराठ्यांइतकाच स्वस्थ बसलेल्या इंग्रजांविषयीही निजामाच्या दरबारात रोष उत्पन्न झाला. त्याने कंपनीच्या पलटणींना निरोप दिला व फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या कवायती फौजेवर भिस्त ठेवली.

तथापि ही स्थितीही टिकली नाही. १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावाचा मृत्यू होऊन पुण्यात वारसाहक्काचा कलह सुरू झाला. तेव्हा ज्याला ओलीस ठेवले होते, त्याच मुशीरुल्मुल्काशी नाना फडणीसाने संधान बांधले. खर्ड्याचा विजय मिळून दोन वर्षेही झाली नव्हती, तोच पराभूत शत्रूचे साहाय्य विजेत्यांना हवेसे वाटू लागले.

तैनाती फौज : १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला आणि नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली हा फ्रेंचांविषयी साशंक होता. निजामास मराठ्यांची भीती होती, तर इंग्रजांस फ्रेंचांची. या दोन भिन्न भयांतून १ सप्टेंबर १७९८ चा तह झाला. त्यानुसार निजामाने फ्रेंच अधिकारी काढून टाकले आणि वार्षिक २४,१७,१०० रु. देऊन कंपनीच्या सहा पलटणी पदरी घेतल्या. टिपूच्या नाशानंतर १८०० मध्ये दुसरा तह होऊन फौज वाढविण्यात आली व तिच्या खर्चासाठी १७९२ आणि १७९९ मध्ये मिळालेला बळ्ळारी, कडप्पा इ. प्रदेश निजामाने कंपनीस दिला. शिवाय कंपनीच्या संमतीवाचून इतर सत्तांशी बोलणी न करण्याचे बंधनही त्याने पतकरले. अशा रीतीने शत्रूपासून संरक्षण मिळाले. परंतु मित्र निवडण्याचा अधिकार गेला.

१८०३ चे युद्ध : वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) दुसरा बाजीरावही कंपनीच्या आश्रयास गेला. त्याविरुद्ध दौलतराव शिंदे व रघूजी भोसले एकत्र आले. जनरल आर्थर वेलस्ली २९ ऑगस्ट १८०३ रोजी औरंगाबादेस पोहोचला. औरंगाबादहून चिकलठाण्यावरून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरील बदनापूर येथे २१ सप्टेंबर रोजी त्याची कर्नल स्टीव्हन्सनशी भेट झाली आणि २३ सप्टेंबर रोजी असई (जालना जिल्हा) येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. या सुमारास हैदराबादचा दरबार इंग्रजांचा दोस्त होता. तथापि लढाईनंतर जखमी इंग्रज सैनिकांना दौलताबादच्या किल्ल्यात घेण्यास निजामाच्याच किल्लेदाराने नकार दिला व त्यांची व्यवस्था अजिंठा येथे करावी लागली. तहाने राजदरबाराची भूमिका बदलली, तरी प्रत्यक्ष रणक्षेत्रालगतच्या अधिकाऱ्यांची धारणा तेवढ्याच वेगाने बदलतेच असे नाही, हे यावरून दिसते.

मराठ्यांच्या बाजूसही हाच दोष आढळतो. यशवंतराव होळकराने १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला होता. त्या ताज्या वैरामुळे तो १८०३ च्या युद्धापासून अलिप्त राहिला आणि १८०४ मध्ये त्यास इंग्रजांशी एकट्यानेच लढावे लागले. जवळच्या युद्धाची आठवण इतकी तीव्र होती, की दूरचा पण मोठा धोका उशिरा ओळखला गेला.

फलित : युद्धानंतर भोसल्यांकडील वऱ्हाडचा प्रदेश निजामास मिळाला. तथापि तेथील लाभ चिरस्थायी ठरला नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद काँटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. ज्या मित्राच्या बळावर प्रदेश मिळाला, त्याच मित्राच्या देण्यापोटी तो गेला.

युद्धाच्या निकटतेत भयाचे मोजमाप अचूक राहत नाही. समोरचा शत्रू मोठा दिसतो व साहाय्यक बनून आलेल्याचे हेतू तपासले जात नाहीत. युद्ध संपल्यावर शत्रुत्व ओसरते, पण त्या भयापोटी केलेले करार उरतात. म्हणून युद्धकाळी केलेल्या मैत्रीचे मूल्य ठरविताना तिने कोणत्या संकटातून सोडविले याबरोबरच, पुढील निर्णयाचे स्वातंत्र्य कितपत शिल्लक ठेवले याचाही विचार करावा लागतो.